अवयव मिळाला, तपासण्या राहिल्या

मंडळी, दिवाळी अंकात कॅन्सरवर लेख म्हणजे लाडवात खडा, असं काहींना वाटेल. पण आपला हा अंक वर्षभर टीपॉयवर पडून असतो. भारतातून आलेले आजी-आजोबा तो वाचतात आणि इथे जन्मलेली नातवंडंही इंग्रजी पानं शोधताना तो चाळतात. तीन पिढ्या एकदम वाचतील अशी दुसरी जागा मला माहीत नाही, म्हणून हा विषय इथेच मांडते.

आधी एक खुलासा. माझ्या नावाआधीचं ‘डॉक्टर’ हे पीएचडीचं आहे. आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, औषध कोणालाच दिलं नाही. तेव्हा या लेखातल्या कोणत्याही गोष्टीवरून आपली गोळी कमी-जास्त करू नका. प्रश्न विचारायला मात्र याचा जरूर उपयोग करा.

विषय आहे अवयव प्रत्यारोपण झालेल्यांचा. मधुमेह आपल्या घराघरांत आहे आणि न्यूझीलंडमध्ये किडनी निकामी होण्याचं सर्वांत मोठं कारणही मधुमेहच आहे. त्यामुळे माउंट वेलिंग्टन-पॅनम्युअर भागात आपली चार माणसं जमली, की त्यांतल्या कोणाच्या तरी नात्यात डायलिसिसवर असलेलं किंवा किडनी मिळालेलं माणूस निघतंच. या देशात पहिलं किडनी प्रत्यारोपण 1965 मध्ये ऑकलंडलाच झालं. 1987 मध्ये ग्रीन लेन हॉस्पिटलमध्ये हृदयाचं झालं आणि 1998 मध्ये यकृताचं. आज ही शस्त्रक्रिया नवलाची राहिलेली नाही. माणूस बरा होऊन घरी येतो, आपण पेढे वाटतो, सत्यनारायण घालतो आणि संकट टळलं म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. तो सोडायलाच हवा. पण त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं कशी सांभाळायची, यावर आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. अवयव मिळालेल्या माणसाला विषाणूंमुळे होणाऱ्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्यातले काही कॅन्सर, होण्याच्या आधीच पकडता येतात. आणि आपल्या समाजात या तपासण्या राहून जातात त्या मुख्यतः दोन कारणांनी: एक संकोच आणि दुसरं ‘ते दुसरं कोणीतरी बघत असेल’ हा समज.

धोका का वाढतो, ते समजून घेऊ. नवा अवयव शरीराला परका असतो आणि आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडू पाहते. तिला आवरण्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोन अशी औषधं बहुधा जन्मभर घ्यावी लागतात. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत रात्री काठी आपटत फिरणारा गुरखा आठवा. या औषधांनी त्याला नोकरीवरून काढलेलं नसतं, पण त्याच्या फेऱ्या कमी केलेल्या असतात. आता आपल्या शरीरात काही विषाणू वर्षानुवर्षं निजून असतात. बहुतेकांना लहानपणी किंवा तरुणपणी त्यांची लागण झालेली असते आणि ती आपल्याला कळलेलीही नसते. गुरखा फिरत असतो तोवर ते गप्प असतात. फेऱ्या कमी झाल्या, की त्यांतले काही डोकं वर काढतात.

हा नुसता तर्क नाही. ऑस्ट्रेलियातल्या 28,855 किडनी रुग्णांच्या नोंदी तिथल्या कॅन्सरच्या नोंदींशी ताडून पाहणारा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेचे नेहमीचे कॅन्सर बाजूला ठेवले, तर डायलिसिसवर असताना कॅन्सरचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या 1.35 पट होतं. प्रत्यारोपणानंतर ते 3.27 पट झालं. अठरा अवयवांच्या कॅन्सरमध्ये ही वाढ तिपटीहून जास्त होती आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मागे विषाणू आहे, किंवा असावा असा संशय आहे. दुसऱ्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात प्रत्यारोपण झालेले आणि एचआयव्हीची लागण असलेले, अशा दोन गटांची तुलना होती. या दोन गटांचं राहणीमान वेगळं, वयं वेगळी, आजार वेगळे. तरी दोन्हीकडे वाढलेले कॅन्सर जवळजवळ तेच होते. स्तन आणि प्रोस्टेटचे कॅन्सर मात्र दोन्ही गटांत वाढलेले दिसले नाहीत. दोन्ही गटांत समान धागा एकच होता, दबलेली प्रतिकारशक्ती.

हे विषाणू कोणते? एचपीव्ही हा गर्भाशयाच्या मुखाचा, गुदद्वाराचा, जननेंद्रियांचा आणि घशाचा कॅन्सर घडवू शकतो. हिपॅटायटिस बी आणि सी यकृताचा. ईबीव्ही हा बहुतेकांना लहानपणीच होऊन जाणारा विषाणू लिंफोमाचा, म्हणजे रसग्रंथींच्या कॅन्सरचा. एचएचव्ही-8 हा कापोसी सार्कोमाचा. याखेरीज त्वचेचे कॅन्सर आहेत, ज्यांत उन्हाचा वाटा मोठा आहे.

आता स्क्रीनिंग म्हणजे काय, ते स्पष्ट करते, कारण इथेच मोठा गोंधळ होतो. त्रास झाला म्हणून केलेली तपासणी हे स्क्रीनिंग नव्हे. काहीही तक्रार नसताना, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या गोष्टीसाठी केलेली तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. आपली सवय याच्या बरोबर उलटी. आपण दुखणं अंगावर काढतो आणि तहान लागल्यावर विहीर खणायला घेतो.

स्क्रीनिंगने जीव वाचतो याचा पुरावा कुठून आला? त्यातला मोठा हिस्सा दोन गावांच्या बायकांनी दिला आहे. एक गाव हे आपलं ऑकलंड आणि दुसरं आपलं उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव.

ऑकलंडची गोष्ट दुःखद आहे. इथल्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये 1966 पासून डॉ. हर्बर्ट ग्रीन यांनी गर्भाशयाच्या मुखावर कॅन्सरपूर्व बदल दिसलेल्या अनेक बायकांवर पुरेसे उपचार न करता त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं. बायकांना याची कल्पना नव्हती. 1987 मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी ‘मेट्रो’ मासिकात हे प्रकरण उघड केलं. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी झाली आणि 1988 मध्ये अहवाल आला. पुढे त्या बायकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की अपुरे उपचार मिळालेल्यांपैकी तीस वर्षांत जवळजवळ 31 टक्के बायकांना कॅन्सर झाला. ज्यांना योग्य उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी असते, ती दिसते आणि तिथे उपाय केला तर पुढचं टळतं. या देशातला राष्ट्रीय स्क्रीनिंग कार्यक्रम आणि आज आपल्याला मिळणारे रुग्णांचे हक्क या चौकशीतूनच पुढे आले.

उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि जागतिक आरोग्य संघटनेची लिऑनची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठं काम केलं. 52 गावसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्यात होत्या. काही गटांना एचपीव्हीची तपासणी, काहींना पॅप स्मिअर, काहींना व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी आणि एका गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनी मोजलं, तर एचपीव्ही गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले होते आणि तपासणी न झालेल्या गटात 64. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे केले. हे निष्कर्ष 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. तुलनेसाठी एका गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वादही झाला आणि तो व्हायलाच हवा होता. न्यूझीलंडने 12 सप्टेंबर 2023 पासून पॅप स्मिअरऐवजी एचपीव्ही तपासणी पहिली केली. त्यामागच्या जागतिक पुराव्यांत मराठवाड्यातल्या या शेतकरी बायकांचा वाटा आहे. आपल्या आया-मावश्यांनी जे जगाला दिलं, ते आपणच इथे संकोचापायी घेऊ नये, याला काय म्हणावं?

आणि आपण ते घेत नाही. न्यूझीलंडमध्ये या तपासणीला येणाऱ्या आशियाई बायकांचं प्रमाण एकूण बायकांच्या मानाने कमीच राहिलं आहे. कारणं आपल्याला ठाऊक आहेत. ‘माझं वय झालं.’ ‘नवरा जाऊन दहा वर्षं झाली, मला कशाला?’ ‘एचपीव्ही म्हणजे तसला आजार ना?’ याला माझं उत्तर असं. एचपीव्ही इतका सर्रास आढळतो, की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतोच. एकच जोडीदार असलेल्यांनाही होतो. लागण तीस वर्षांपूर्वीची असू शकते. त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा काहीही अर्थ निघत नाही.

माझ्या परिचयातल्या एका बाईंची हकिकत त्यांच्या परवानगीने आणि नाव न घेता सांगते. किडनी मिळून त्यांना नऊ वर्षं झाली होती. औषधं वेळेवर, पथ्य कडक, एकही अपॉइंटमेंट चुकवलेली नाही. पण गर्भाशयाच्या मुखाची तपासणी या नऊ वर्षांत एकदाही झाली नव्हती. प्रत्यारोपणाच्या क्लिनिकला वाटत होतं, हे जीपी बघत असतील. जीपींना वाटत होतं, एवढे मोठे डॉक्टर बघतात तर हेही तेच बघत असतील. आणि बाईंना वाटत होतं, आपण इतक्या वेळा रक्त देतो, त्यात काय ते दिसतच असेल. जीपीकडे नव्याने आलेल्या एका नर्सने सहज विचारलं म्हणून तपासणी झाली. कॅन्सरपूर्व बदल सापडले आणि त्यावर उपचार झाले. आज त्या ठणठणीत आहेत. पण त्या नर्सने विचारलं नसतं तर?

हे लक्षात ठेवा, की किडनी मिळालेल्यांचं रक्त नेहमी तपासतात ते क्रिएटिनिन, औषधाची पातळी, पेशींची संख्या यांसाठी. त्यात गर्भाशयाच्या मुखाचा किंवा त्वचेचा कॅन्सर दिसत नाही.

मग नेमकं काय विचारायचं?

पहिलं, बायकांसाठी. 25 ते 69 वयात एचपीव्हीची तपासणी एरवी पाच वर्षांनी असते. प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर ती तीन वर्षांनी करायची असते. स्वॅब घ्यायला आता पडद्यामागे जाऊन आपला आपण घेता येतो. आपण प्रत्यारोपणाची औषधं घेतो हे तपासणीच्या फॉर्मवर लिहिलं आहे ना, हे आवर्जून विचारा. नाहीतर यंत्रणा तुम्हाला पाच वर्षांच्या रांगेत बसवेल. तपासणी अनेकांना मोफत असते, आपण त्यात बसतो का, हेही विचारा.

दुसरं, यकृत. आपल्यापैकी अनेकजण बालपणी हिपॅटायटिस बीची लस नसलेल्या काळातले आहेत. न्यूझीलंडने 1988 मध्ये सगळ्या बाळांना ती द्यायला सुरुवात केली. त्याला पाया होता तो फाकाताने-कावेराऊ भागात सँडी मिल्न आणि डॉ. क्रिस मॉइस यांनी केलेल्या कामाचा. पूर्वी होऊन गेलेला बी सुद्धा प्रतिकारशक्ती दबली की पुन्हा उठू शकतो. तो असल्याचं माहीत असेल तर गोळीने आवरता येतो आणि गरजेप्रमाणे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीने यकृतावर नजर ठेवता येते. हिपॅटायटिस सी तर आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. रक्तपेढ्यांत त्याची तपासणी इथे 1992 मध्ये सुरू झाली, भारतात बरीच नंतर सक्तीची झाली. त्याआधी रक्त चढवलं असेल तर डॉक्टरांना सांगा.

तिसरं, त्वचा. ‘आम्ही सावळे, आम्हाला ऊन लागत नाही’ हा समज सोडा. गोऱ्यांच्या मानाने आपला धोका कमी, पण शून्य नाही. शिवाय गडद त्वचेच्या लोकांत हे कॅन्सर झाकलेल्या जागी होण्याचं प्रमाण जास्त असतं आणि तिथे एचपीव्हीचा हात असू शकतो. म्हणून वर्षातून एकदा पूर्ण त्वचा दाखवा, कपड्यांखालचीही. तिथली न भरणारी जखम, गाठ किंवा चामखीळ लपवू नका. हे पुरुषांनाही तितकंच लागू आहे. गुदद्वाराच्या कॅन्सरसाठी 2024 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत प्रत्यारोपणाला दहा वर्षं झालेल्यांचा समावेश आहे. आपल्या बाबतीत त्याची गरज आहे का, हे विचारायला लाजू नका.

चौथं, ईबीव्ही. याचा धोका पहिल्या वर्षात आणि लहान मुलांना जास्त, विशेषतः अवयव देणाऱ्याला विषाणू होऊन गेलेला असेल आणि घेणाऱ्याला झालेला नसेल तेव्हा. अशांचं रक्त डॉक्टर ठरावीक काळाने तपासतात. म्हणूनच जे भारतात जाऊन प्रत्यारोपण करून येतात, त्यांनी तिथून निघताना दात्याच्या आणि स्वतःच्या विषाणू तपासण्यांचे कागद मागून घ्यावेत. इथल्या डॉक्टरांना त्यावाचून अंधारात चाचपडावं लागतं.

पाचवं, लस. एचपीव्हीची लस जिवंत विषाणूची नाही आणि ती प्रत्यारोपणाच्या आधी घेतली तर जास्त चांगली लागू पडते. इथे 9 ते 26 वयापर्यंत मुलगे आणि मुली दोघांनाही ती मोफत आहे. शाळेतून फॉर्म आला की ‘आमच्या मुलीला कशाला’ म्हणून तो बाजूला टाकू नका.

आता दुसरी बाजूही मांडते. सगळ्याच तपासण्या सगळ्यांना हव्यात, असं मी म्हणत नाही. उस्मानाबादसारखा मोठा अभ्यास प्रत्यारोपण झालेल्यांवर झालेला नाही. त्यांच्यासाठीच्या अनेक शिफारशी इतर गटांवरून बांधलेल्या आहेत. प्रत्येक तपासणीत खोटी घंटा वाजण्याची शक्यता असते आणि मग काळजी, आणखी तपासण्या, कधी नको ती शस्त्रक्रिया. वय फार झालेल्या किंवा इतर आजारांनी थकलेल्या माणसाने ‘आता पुरे’ म्हटलं, तर त्याचाही मान राखला पाहिजे. आणि भारतात गेल्यावर लॅबमधून घेतलेलं ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज हे याला उत्तर नाही. त्यातले ट्यूमर मार्कर निरोगी माणसात कॅन्सर शोधण्यासाठी बनलेलेच नाहीत. पन्नास तपासण्यांच्या यादीपेक्षा आपल्याला लागू असलेल्या चार, वेळच्या वेळी, हे बरं.

काहीजण म्हणतात, सापडलं तरी या औषधांवर असताना काय करणार? उलट इथेच आशेला जागा आहे. 1984 मध्ये डॉ. थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केल्यावर काही रुग्णांचे लिंफोमा मागे हटले. 2005 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी कापोसी सार्कोमा झालेल्या 15 किडनी रुग्णांचं औषध बदलून सिरोलिमस दिलं आणि त्यांच्या त्वचेवरच्या गाठी तीन महिन्यांत गेल्या, किडनीही टिकली. हे सिरोलिमस आपल्याच प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं आहे. म्हणजे वेळेवर कळलं, तर डॉक्टरांच्या हातात करण्यासारखं काही असतं. मात्र औषध कमी करणं किंवा बदलणं हे त्यांचं काम. आपण घाबरून गोळी बंद केली, तर आगीतून फुफाट्यात पडू आणि किडनीही गमावू.

शेवटी तीन विनंत्या. आरोग्य यंत्रणेला माझं सांगणं, की प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येकाला एक पानाचा तक्ता द्यावा: कोणती तपासणी, किती वर्षांनी आणि ती करणार कोण, जीपी की क्लिनिक. हे पान रुग्णाकडे, जीपीकडे आणि क्लिनिककडे एकच असावं. दोन दवाखान्यांमधला निरोप्या होण्याचं काम आजारी माणसाने का करायचं? तोवर तुम्हीच पुढच्या भेटीत कोरा कागद घेऊन जा आणि तो भरून मागा.

इथे वाढलेल्या मुलामुलींना माझं सांगणं, की आईबाबांबरोबर जा, पण दुभाषाचं काम स्वतःकडे घेऊ नका. लेकापुढे कोणतीही आई खालच्या अंगाची तक्रार सांगणार नाही. गरज असेल तिथे दुभाषा मागणं हा इथल्या रुग्णाचा हक्क आहे. तो मागा आणि पाच मिनिटं बाहेर बसा.

आणि आपल्या मंडळाला विनंती, की पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमांत एक दुपार या विषयाला द्यावी. बायकांची वेगळी बैठक, पुरुषांची वेगळी, मराठी बोलणारी एखादी नर्स आणि नंतर चहा. खर्च फारसा नाही. मी त्या दुपारी खुर्च्या लावायला आणि प्रश्नांची सुरुवात करायला येईन. पहिला प्रश्न विचारणाऱ्यालाच सर्वांत जास्त संकोच वाटतो, आणि माझ्या वयात तो आता उरलेला नाही.